प्रति: नास्तिकाशी बोलून उपयोग काय?
‘नास्तिकासमोर देवाधर्माचं काढलं की भांडणच होतं’ हे वर लिहिलंय ते निम्मंच पटलं. भांडण होतं, पण तापतं कोण? १८९२च्या ऑक्टोबरात, म्हणजे शिकागोच्या आदल्या वर्षी, विवेकानंद आमच्या बेळगावात भाटे वकिलांकडे उतरले होते. बैठकीला गावातले एक एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर यायचे. घरात सगळं सनातनी वळण, डोक्यात मात्र सायन्स. (असले आजही गल्लोगल्ली आहेत.) भाट्यांच्या मुलाने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात आवाज चढतो तो या इंजिनिअरांचा. भाट्यांनी त्यांना टोकलं, तर स्वामीच हसत मध्ये पडले, मला काही त्रास नाही म्हणाले.

माझं म्हणाल तर निपाणीला आम्ही तिघं एकाच दुकानात कामाला होतो. एक जैन, एक मुसलमान आणि मी कशातच नसलेला. रमजानात संध्याकाळी गंमत असायची. एक जण दिवस मावळायच्या आत डबा संपवायच्या घाईत, दुसरा मावळायची वाट बघत खजूर हातात धरून बसलेला. दोघांची नजर भिंतीवरच्या त्याच घड्याळावर! कांदा का नाही, दिवसभर पाणीसुद्धा का नाही, सगळं तिथंच अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये विचारून झालं. मग दोघं माझ्याकडे वळायचे, ‘तुला रे कुणाची बंदी?’ मला तेव्हा अल्सर होता, ठेचा बंद. म्हटलं, डॉक्टरची.