'त्सेदाका'ला मराठीत काय म्हणावं?

पानाआड: यहुदी धर्माची ओळख करून देणारा एक मजकूर मराठीत आणते आहे. तोरा, शब्बाथ, कोशेर हे शब्द तसेच ठेवलेत. अडलंय ते 'त्सेदाका'वर, म्हणजे गरिबाला जे द्यायचं असतं त्यावर. दान, दानधर्म, धर्मादाय, खैरात, सगळे लिहून पाहिले. पण मजकुरात एक नियम येतो: जो स्वतः त्सेदाकेवर जगतो त्या गरिबानंही त्यातलं थोडं त्सेदाका म्हणून द्यायचं. तिथे 'दान' बसवलं की वाक्य चेष्टा केल्यासारखं वाटतं. कुणाला काही सुचतंय?

मूळाक्षर: चेष्टा वाटते कारण आपल्या 'दाना'त देणारा वर आणि घेणारा खाली असतो. हिब्रूत त्सादी-दालेत-कोफ हा धातू न्यायाचा, सचोटीचा. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात १६:२० मध्ये 'त्सेदेक त्सेदेक' असं दोनदा येतं, म्हणजे न्याय आणि न्यायच. उत्पत्ती १५:६ मध्ये अब्राहामाचा विश्वास 'त्सेदाका' म्हणून गणला गेला. तिथे पैशाअडक्याचा संबंधच नाही, आणि मराठी बायबलात त्या जागी 'नीतिमत्त्व' आहे. गरिबाला देणं हा अर्थ पुढे रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, काळात घट्ट झाला. अरबी 'सदका' याच कुळातला, पण तो आपल्याकडे येईपर्यंत ओवाळून टाकण्याकडे झुकला, म्हणून तो नको.

पानाआड: मग 'नीतिमत्त्व' घेऊ? 'त्याने शेजाऱ्याला नीतिमत्त्व दिले'... नाही, हे मी छापणार नाही.

बांधावरचा: शेतीच्या नियमांकडून पाहा, जास्त उलगडतं. बायबलातल्याच 'लेवीय' पुस्तकात, १९व्या अध्यायात सांगितलंय की कापणी करताना शेताचा कोपरा सोडायचा आणि खाली पडलेली कणसं वेचायला परत फिरायचं नाही. ते गरिबाचं नि परक्याचं. रब्बींनी पुढे ठरवलं की कोपऱ्यातलं पीक कुणी न्यावं हे मालकानं ठरवायचं नाही. आपल्या मर्जीतल्या माणसाला दिलं, उपकार केले, ही सोयच नाही. कारण त्यांची मूळ समजूत अशी की जमीन देवाची, आपण तिथे उपरे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द 'बलुतं' आहे. सुतार-लोहार खळ्यावर येत ते भीक मागायला नाही, हक्क न्यायला.

मूळाक्षर: हक्कापर्यंत बरोबर, पुढे नाही. बलुतं हा कामाचा मोबदला आणि तो जातीला बांधलेला. पेआ, म्हणजे हा शेताचा कोपरा, त्याला काम लागत नाही, गरज पुरते. शिवाय 'बलुतं' म्हटलं की मराठी वाचकापुढे जे उभं राहतं ते यहुदी धर्माच्या प्रकरणात आणू नये.

बांधावरचा: मान्य. उदाहरण मागे घेतो, 'हक्क' ठेवतो.

गुप्तधन: 'दान' इतकंही टाकाऊ नाही. रामबाम (यहुदी धर्मपंडित मोशे बेन मैमोन, मृत्यू १२०४) यांनी 'मिश्ने तोरा' या धर्मनियमांच्या ग्रंथात त्सेदाकेच्या ८ पायऱ्या लावल्यात. सगळ्यांत खाली कुरकुरत देणारा. वरून दुसरी पायरी अशी की देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. हे आपलं गुप्तदानच की!

मूळाक्षर: आणि वरून पहिली? कर्ज देणं, भागीदारीत घेणं, काम मिळवून देणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. याला 'दान' म्हणाल? त्यातून त्याच ग्रंथात असंही आहे की ऐपत असून कुणी देत नसेल तर न्यायसभेनं त्याच्याकडून वसूल करावं. वसूल होतं ते दान कसलं? पण उधळेपणाही नको, म्हणून एक पंचमांशाची वरची मर्यादा घातली आहे. एक दशमांश हे साधारण माप.

अष्टमीकर: मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी, कोकणातली. आमच्या जुन्या लोकांनी सणांची मराठी नावं ठेवली तेव्हा अर्थाशी झटापट केली नाही, त्या दिवशी घरात काय दिसतं ते सांगितलं. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो दारफळणीचा सण, कारण दारं बंद. आब या यहुदी महिन्याच्या नवमीचा उपास, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या दुःखाचा, तो बिरड्याचा सण. वालाचं बिरडं! धर्मशास्त्र कुठेच नाही, पण कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तुम्हीही तसंच करा. माणूस प्रत्यक्षात काय करतो? देणं लागतो ते देतो. 'देणं' लिहा.

पानाआड: अष्टमीकरताई, हे फारच छान. 'देणं' म्हणजे देण्याची क्रियाही आणि फेडायची बाकीही. गरीबही 'आपलं देणं' देतो म्हटलं की वाक्य सरळ उभं राहतं.

गुप्तधन: सावकाराचं देणं वाटेल.

बांधावरचा: 'समाजाचं देणं' म्हणतोच की आपण. भाषणात घासून गुळगुळीत झालंय एवढंच.

मूळाक्षर: 'समाजाचं' जोडू नका. त्सेदाका ही मित्झवा, म्हणजे देवाची आज्ञा आहे; गरीब घेणारा, पण बांधिलकी देवाशी. म्हणूनच 'मित्झवा'ला 'पुण्य' म्हणणंही मला खटकतं. पुण्य गाठीला बांधतात, आज्ञा पाळतात. पहिल्यांदा येईल तिथे 'त्सेदाका, म्हणजे न्यायाने लागणारं देणं' असं लिहा आणि पुढे नुसतं त्सेदाका.

पानाआड: तसंच करते. लिंग स्त्रीच ठेवते, हिब्रूत आहे तसं. आता पुढच्याच ओळीत 'गब्बाई' आलाय. मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाप्रमाणे वर्गणी गोळा करायला किमान दोघं आणि वाटायला तिघं लागतात, तो माणूस. खजिनदार?

अष्टमीकर: खजिनदार पैसे सांभाळतो, दारोदार जात नाही. आणि आमच्या सिनेगॉगमध्ये हा शब्द पदाचं नाव म्हणून चालतो. गब्बाईच राहू द्या.