पाण्यापासूनचे २०० फूट आणि आमचं छोटं हॉटेल : काउंटीच्या हिअरिंगला काय बोलू?

किनारेवाली :

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आलेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण डोकं चालेनासं झालंय. आम्ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो, सिएटलच्या पश्चिमेला हूड कॅनालच्या काठावर. नाव कॅनाल असलं तरी तो कालवा नाही, समुद्र आत घुसून झालेली लांबलचक अरुंद खाडीच, फक्त आपल्या खाड्यांपेक्षा खूप खोल. चार वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा साठवलेले सगळे पैसे घालून आम्ही पाण्याला लागून असलेलं एक जुनं हॉटेल घेतलं. सहा टेबलं आत, बाहेर लाकडी डेक, भाड्याने द्यायला आठ कयाक म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्या. कालवं, तिसऱ्यांचं चावडर म्हणजे दाट सूप, आणि पावसाच्या दिवसांत आलं घातलेला आपला चहा, तो तर इथल्या गोऱ्या आजी-आजोबांना इतका आवडतो की थर्मास घेऊन येतात.

आता काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारने, किनाऱ्याचे नियम नव्याने तपासायला घेतलेत, शोरलाइन मास्टर प्रोग्रॅम म्हणतात त्याला. मसुद्यात आमच्या पट्ट्यात पाण्यालगतचा बफर, म्हणजे बांधकाम न करता राखायचा पट्टा, ५० फुटांचा १०० फूट होणार आहे. आमची इमारत पाण्यापासून ३० फुटांवर, १९५० च्या दशकातली, पुढे काँक्रीटची भिंत म्हणजे बल्कहेड, आणि मागच्या वेळच्या नियमांत हा पट्टा 'शोरलाइन रेसिडेन्शियल' म्हणजे घरांचा करून टाकलाय. गावात दोन तट पडलेत. एका बाजूला धंदेवाले म्हणतात हे आमचं पोट मारायला निघालेत, दुसऱ्या बाजूला लोक म्हणतात मासे मेले तर तुमचा धंदा तरी कुठे राहणार. दोघंही माझ्या हॉटेलात चहा प्यायला येतात आणि दोघंही मला विचारतात तू कुणाच्या बाजूने बोलणार. तशी आमची दारं नोव्हेंबरपासून बंदच आहेत, सेप्टिक टाकीचं पाणी जमिनीत मुरवणारं ड्रेनफील्ड गेलं आणि दुरुस्तीचं परमिट अजून टेबलावरच आहे, तो वेगळाच ताप. म्हणून आता येतात ते मागच्या अंगणात.

हिअरिंगला, म्हणजे जाहीर सुनावणीला, दर माणसाला तीन मिनिटं मिळतात. बफर वाढला तर हॉटेल पाडावं लागेल का? आणि तीन मिनिटांत काय बोलावं की काउंटीचे कमिशनर ऐकतील?

जुना_पार्लेकर :

ताई, मी टॅकोमाजवळ राहतो, बारा-तेरा वर्षं लँड यूजचंच, म्हणजे जमीन-वापराच्या नियमांचं, काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी धीर देतो, पाडावं लागणार नाही. कायदेशीररीत्या आधीपासून असलेली इमारत नवीन बफरमध्ये आली तर ती 'नॉनकन्फॉर्मिंग' होते, म्हणजे नव्या नियमात न बसणारी पण चालू ठेवायला परवानगी असलेली.

हा कायदा आला कुठून ते माहीत असेल तर बोलताना फायदा होतो. याच राज्यातल्या लेक शेलनच्या काठी एकाने तळ्याच्या पात्रात भराव टाकून ट्रेलर पार्कसाठी जागा केली होती, ते प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ साली कोर्टाने भराव काढायला लावला, कारण पाण्यावर लोकांचा वावरण्याचा हक्क आहे. त्यानंतर किनाऱ्यावर काय चालेल आणि काय नाही हे कुणालाच कळेना, मग १९७१ मध्ये विधिमंडळाने शोरलाइन मॅनेजमेंट अॅक्ट केला आणि १९७२ मध्ये तो लोकांच्या मतदानाला गेला. तेव्हा दोन पर्याय होते. पर्यावरणवाल्यांच्या पर्यायात कायद्याची हद्द पाण्यापासून ५०० फूट आणि बरीचशी सूत्रं राज्याच्या हातात, विधिमंडळाच्या पर्यायात २०० फूट आणि स्थानिक सरकारला मोठा वाटा. लोकांनी दुसरा निवडला. म्हणजे २०० फूट हा आकडाच मुळात तडजोडीचा आहे, तेव्हा 'राज्य आमच्यावर लादतंय' असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा. नियम काउंटी लिहिते, राज्याचं इकॉलॉजी म्हणजे पर्यावरण खातं मंजूर करतं, दोघांच्या सह्यांशिवाय काहीच लागू होत नाही.

आणि कायदा धंद्याच्या विरोधात नाहीये हो. तो एकच प्रश्न विचारतो, तुमच्या धंद्याला पाणी लागतं का? बोटींची गोदी, कालवांची शेती हे पाण्याशिवाय होऊच शकत नाही, ते 'वॉटर डिपेंडंट', त्यांचा नंबर पहिला. तुमचं हॉटेल 'वॉटर एन्जॉयमेंट' मध्ये बसू शकतं, पण अट अशी की सर्वसामान्य लोकांना तिथून पाण्याचा आनंद घेता आला पाहिजे. गिऱ्हाईक नसलेला माणूसही तुमच्या बाजूने पाण्यापर्यंत उतरू शकत असेल तर ते ठळकपणे सांगा. कयाकचं भाडं तर अजूनच जमेची बाजू.

आता खरी काळजीची गोष्ट, जी तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिली. नोव्हेंबरपासून बंद आहे म्हणालात. राज्याच्या नियमात असं आहे की नॉनकन्फॉर्मिंग वापर सलग १२ महिने बंद राहिला, किंवा कुठल्याही दोन वर्षांत मिळून १२ महिने बंद राहिला, तर तो हक्क संपतो. इमारत उभी राहील पण तिथे हॉटेल चालवायचा हक्क जाईल. काउंटीने स्वतःचा वेगळा नियम केला असेल तर तो लागू होतो, म्हणून तुमच्या काउंटीच्या प्रोग्रॅममधलं ते प्रकरण आजच काढून वाचा. पट्टा घरांचा झालाय म्हणजे तुमचा वापर आत्ताच नॉनकन्फॉर्मिंग असायची दाट शक्यता आहे, बफर वाढो न वाढो. नोव्हेंबर ते जुलै, आठ महिने होऊन गेलेत.

देवबागकर :

पार्लेकरांनी मुद्द्याला हात घातला. मी इकडचं सांगतो, कारण वाचताना माझंच घर डोळ्यांपुढे आलं. आमचं मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी, मधे जमिनीची पट्टी. निवास-न्याहारीच्या दोन खोल्या आहेत आमच्या. आमच्याकडे सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमनाचा नियम, आधी १९९१ चा, मग २०११ चा, मग २०१९ चा. प्रत्येक वेळी रेषा हलते. २०१९ च्या नियमात ग्रामीण भागाचे दोन तुकडे केले, २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तिथे ना-विकास क्षेत्र ५० मीटर आणि बाकीच्या ठिकाणी २०० मीटर. आता जी गावं विरळ राहिली, झाडं राखली, त्यांना जास्त बंधन. गावकऱ्याला हे पटवून सांगणं कठीण जातं.

पण ताई, भिंतीबद्दल बोलतो. आमच्याकडे उधाणात माडच्या माड गेले म्हणून लोकांनी धूपप्रतिबंधक बंधारा मागितला, मीही मागितला होता. दगड पडले तिथे घरं वाचली हे खरं, पण बंधाऱ्याच्या पुढची पुळण खाली गेली आणि जिथे दगड संपतात त्याच्या पलीकडच्या माणसाची जमीन जास्त खायला लागली. आणि पुळण गेली की रापण कुठे ओढायची? रापणीला पन्नास माणसं दोन बाजूंनी दोर धरून किनाऱ्यावर जाळं ओढतात, त्याला मोकळी वाळू लागते, तुमच्या भाषेत तोच तर पाण्याशिवाय न होणारा धंदा. पर्यटनाच्या खुर्च्या मांडताना आम्ही रापणकरांना विचारलंच नाही, आता गावात तोंडं फिरवून बसलेत दोघं. तुमच्या गावात कालवंवाले असतील, हिअरिंगच्या आधी त्यांच्या दारात जाऊन या. आमच्यासारखं नंतर जाऊ नका.

शिंपलावेडी :

किनारेवाली ताई, मी सिएटलला मरीन बायॉलॉजी शिकतेय आणि दोन हिवाळे किनाऱ्यावरची वाळू चाळायचं काम केलंय म्हणून लिहायचं धाडस करते. बफर आणि भिंत यावर एवढी भांडणं का होतात ते तुम्ही कधी ओणवं होऊन बघितलंय का? सर्फ स्मेल्ट नावाचा छोटासा मासा भरतीच्या वेळी अगदी वर, जिथे समुद्राने आणलेले ओंडके पडलेले असतात त्याच्या जवळच, बारीक खडीत अंडी घालतो. अंडं साधारण एक मिलिमीटरचं, पारदर्शक, आणि वाळूच्या कणाला चिकटलेलं. मूठभर खडी पांढऱ्या ताटलीत घेऊन पाणी हलवलं की दिसतं, आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर आत डोळ्यांचे दोन काळे ठिपके. मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी बराच वेळ तिथून उठलेच नाही.

आता बघा, काँक्रीटची भिंत बरोबर त्याच पट्ट्यावर उभी राहते. भिंतीमागच्या कड्यातून किनाऱ्याला नवीन खडी मिळायची ती थांबते, लाटा भिंतीवर आपटून बारीक वाळू घेऊन जातात आणि उरतात मोठे दगड. वर झुकलेली झाडं तोडली की उन्हाळ्यात अंडी तापून वाळतात, म्हणून बफरमध्ये झाडं मागतात, नुसता मोकळा लॉन चालत नाही. पुजेट साउंडच्या, म्हणजे हूड कॅनाल ज्याचा भाग आहे त्या समुद्राच्या, किनाऱ्याचा पाव भागाहून जास्त असा भिंतींखाली गेलाय. हे छोटे मासे चिनूक जातीचा सामन मासा खातो, आणि त्या चिनूकला इथल्या ऑर्का म्हणजे किलर व्हेल खातात. पुजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे आणि ऑर्का २००५ पासून.

म्हणून माझी विनंती अशी की बफरला सरसकट विरोध करू नका. तुमच्या डेकने फारसं बिघडत नसेल, पण ती भिंत बिघडवतेय.

रोखठोक :

सगळं मान्य, पण एक बाजू कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. मी पण इथेच पाण्याकाठी लहान धंदा करतो, बोटींच्या दुरुस्तीचा. कायद्यात स्वतःच्या वापरासाठीच्या एका घराला मुख्य परमिटमधून सूट आहे, घर वाचवायला बांधलेल्या साध्या बल्कहेडलाही सूट आहे, नियम पाळावे लागतात पण तो परमिटचा फेरा नाही. मग शहरातून वर्षाला तीन आठवडे येणारा माणूस पाण्याकाठी मोठं घर बांधतो त्याला सूट, आणि बाराही महिने गावात राहून चार पोरांना कामाला ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र सर्व्हे करा, जीवशास्त्रज्ञाचा रिपोर्ट आणा, भरपाई म्हणून झाडं लावायचा आराखडा द्या, आणि मग थांबा. मोठ्या कंपनीला हे परवडतं हो, त्यांचा माणूस असतो त्यासाठी. मी फॉर्म भरतो रात्री अकरा वाजता, हाताला ग्रीस लागलेलं असतानाच. मला मासे नको आहेत असं नाही, माझा बाप कुलाब्याला बोटीवरच होता. पण नियम लिहिताना लहान माणसाचा वेळ ही किंमत कुणी धरतच नाही, हे ताईंनी तीन मिनिटांत सांगावं असं मला मनापासून वाटतं.

जुना_पार्लेकर :

रोखठोक, तुमच्या सवलतीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मीही कितीदा वरिष्ठांशी यावरून वाद घातलाय. फक्त एक जोडतो, ताईंच्या सेप्टिकचा प्रश्न आणि कालवांचा प्रश्न एकच आहे. मैला पाण्यात गेला की राज्याचं आरोग्य खातं त्या भागातली कालवं काढणं बंद करतं, आणि हूड कॅनालला तर पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊन मासे मेल्याचे प्रकारही झालेत. म्हणजे ताईंचं परमिट टेबलावर पडून राहणं हे कालवंवाल्यांचंही नुकसान आहे. ते दोघं एकत्र उभे राहिले तर कमिशनरना 'पर्यावरण विरुद्ध धंदा' असं म्हणताच येणार नाही.

तेव्हा तीन मिनिटांत सगळं जग मांडू नका, मसुद्यातल्या कलमाचा नंबर घेऊन मागणी करा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, १२ महिने मोजताना काउंटीकडे परमिट अडकलेला काळ धरू नये, असं वाक्य मसुद्यात घाला. दुसरी, जुन्या व्यावसायिक इमारतीने स्वतःहून भिंत काढली, किनारा मोकळा केला, लोकांना वाट दिली, तर तिला आहे तिथे डेकसकट राहू द्या. इकॉलॉजी खातं 'नो नेट लॉस' बघतं, म्हणजे किनाऱ्याचं आज आहे त्याहून जास्त नुकसान होऊ नये, २००३ च्या मार्गदर्शक नियमांपासून तोच निकष आहे, आणि भिंत निघाली तर उलट फायदाच होतो. जे बोलाल ते लेखी सुद्धा द्या. बोललेलं विसरतात, लेखी कॉमेंट रेकॉर्डला राहते आणि तिला उत्तर द्यावं लागतं.

आणि हिअरिंगची वाट न बघता काउंटीच्या प्लॅनिंग खात्याला आजच पत्र पाठवा की आमचा वापर सोडून देण्याचा हेतू नाही, दुरुस्तीसाठी अमुक तारखेला अर्ज दिलाय. कयाक भाड्याने देणं सेप्टिकशिवाय चालू ठेवता येत असेल तर तेही विचारून घ्या.

किनारेवाली :

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री काउंटीचं ते प्रकरण काढून वाचलं, पार्लेकर दादा, शब्दन् शब्द तुम्ही सांगितलात तसाच आहे, १२ महिने. नवरा वाचून गप्पच झाला. आम्ही दोन महिने बफरच्या फुटांवरून भांडत होतो आणि हे कलम कुणी उघडलंच नव्हतं. पत्र आज सकाळी हाताने नेऊन दिलं, पोच घेतली, अर्जाची तारीख घातली.

देवबागकर दादा, तुमचं ऐकून संध्याकाळी कालवंवाल्या आजोबांकडे गेले. त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. मला वाटलं होतं ते म्हणतील तुमच्याच सेप्टिकमुळे आम्हाला भोगावं लागतं, आणि ते म्हणालेच. अर्धा तास ऐकून घेतलं, कारण खरं आहे ते. मग म्हणाले तुझी दुरुस्ती लवकर व्हावी ही माझी पण गरज आहे, मी तुझ्या आधी बोलतो, मागून तू बोल. रोखठोक दादा, तुमचं रात्री अकराचं वाक्य मी वापरू का?

भिंतीचं मात्र अजून ठरत नाही. गेल्या जानेवारीत मोठ्या भरतीला एक ओंडका येऊन डेकच्या खांबावर असा आदळला की आतल्या टेबलावरचे पेले हलले, तेव्हा भिंत काढायची म्हटलं की पोटात गोळा येतो. शिंपलावेडी, तू येशील का एकदा बघायला? पांढरी ताटली मी काढून ठेवते.

रोखठोक :

वापरा ताई, विचारताय काय.

शिंपलावेडी :

येते ना. शनिवारी सकाळी ओहोटी आहे, आधी तुमच्या शेजारची भिंत नसलेली जागा बघू आणि मग तुमची, म्हणजे दोन्हीकडची खडी शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. ओंडक्यांचं पण बघू, काही ठिकाणी तेच ओंडके किनाऱ्यावर आडवे रोवून लाटा अडवतात, तुमच्याकडे जागा आहे का ते जाग्यावर गेल्याशिवाय सांगता येणार नाही. चहा मिळेल ना?