स्पिटफायरच्या अवशेषांवरून वैमानिकाची ओळख – मदत हवी आहे

ब्रिटनमधल्या एका डोंगरउतारावर दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचे तुकडे उघड्यावर आहेत. एका वाकलेल्या पट्टीवर ३६१ ने सुरू होणारा भाग-क्रमांक आणि ‘सीबीएएफ’ शिक्का स्पष्ट दिसतो. म्हणजे विमान कॅसल ब्रॉमविच कारखान्यातलं, मार्क (आवृत्ती) ९ किंवा १६. इतर तुकड्यांवरचे भाग-क्रमांक ३०० ने सुरू होतात, पण मार्क १ चे ते भाग पुढेही वापरात राहिले, म्हणून तो आकडा फसवा.

स्क्वाड्रनच्या (हवाई तुकडीच्या) फॉर्म ५४० आणि ५४१ या कामगिरीच्या नोंदी पाहून झाल्या. दोन वैमानिक उरतात. अपघाताच्या फॉर्म ११८० कार्डांवर फक्त जवळचं गाव आहे. लष्करी अवशेषांच्या संरक्षणाच्या १९८६ च्या ब्रिटिश कायद्यानुसार परवान्याशिवाय खोदता येत नाही, त्यामुळे जमिनीतल्या मर्लिन इंजिनाचा क्रमांक सध्या मिळणार नाही. स्मृतिफलकावर चुकीचं नाव जायला नको.

उघड्या तुकड्यांवरचा कोणता क्रमांक थेट विमानाच्या सिरियलपर्यंत (त्या एकाच विमानाच्या नोंदणी क्रमांकापर्यंत) नेतो, आणि तो सांगाड्याच्या नेमक्या कुठल्या भागावर शोधावा?