नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत स्टॉल घ्यावा की भोजनाचे प्रायोजकत्व?

उपकरण विक्रेता, लातूर
लातूर, धाराशिव आणि नांदेड भागात आम्ही स्लिट लॅम्प (प्रकाशाच्या बारीक रेघेत डोळा तपासण्याचे यंत्र), ऑटोरिफ्रॅक्टोमीटर (चष्म्याचा नंबर मोजणारे यंत्र) अशी उपकरणे विकतो. छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या नेत्रतज्ज्ञांच्या विभागीय परिषदेचे पत्र आले असून, साध्या स्टॉलच्या जवळजवळ तिप्पट दराने एका दुपारच्या जेवणाचे प्रायोजकत्व देऊ केले आहे. आमची ऐपत दोहोंपैकी एकाचीच आहे. शिवाय काही डॉक्टरांच्या हॉटेलच्या खोल्यांचा खर्च उचलाल का, अशी तोंडी विचारणाही झाली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना स्टॉलधारक, जालना
जेवणाचे प्रायोजकत्व मोठ्या औषध कंपन्यांना परवडते, कारण फलकावर नाव झळकले तरी त्यांचे काम होते. तुमचे यंत्र मात्र डॉक्टरांनी स्वतः डोळा लावून पाहिल्याशिवाय विकले जाणार नाही, म्हणून स्टॉलच घ्या. परंतु पैसे भरण्याआधी सभागृहाचा नकाशा मागवा. मुख्य दारापेक्षा चहाच्या टेबलाकडे जाणाऱ्या वाटेवरची जागा बरी, कारण दारातून मंडळी नोंदणीच्या घाईत पुढे निघून जातात आणि चहाच्या वेळी कप हातात घेऊन रेंगाळतात. पाठीमागे काचेची खिडकी असल्यास जागा बदलून घ्या, कारण भर उजेडात स्लिट लॅम्पच्या प्रकाशाची रेघ फिकट दिसते आणि चांगले यंत्रही सुमार वाटते. काळा पडदा आणि स्वतःचा यूपीएस सोबत न्या. मांडववाल्याने दिलेल्या एका प्लगवर विसंबू नका. सत्र चालू असताना स्टॉल ओस पडतात, तेव्हा आपल्या माणसांची जेवणे त्याच वेळी उरकावीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मात्र टाळू नका, कारण उद्या उदगीर किंवा परभणीत दवाखाना थाटणारे तेच असतात.

करसल्लागार, नांदेड
खोल्यांना लेखी नकार कळवा. वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी २०२४ साली आलेल्या संहितेनुसार, वक्ता म्हणून बोलावलेले डॉक्टर वगळता इतरांच्या प्रवासाचा किंवा निवासाचा खर्च कंपनीने करायचा नाही. डॉक्टरांवरही वैद्यक परिषदेच्या नियमांचे असेच बंधन २००९ पासून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटवस्तू-सुविधांचा खर्च आयकरात वजावटीस पात्र नसल्याचे ठरवले, म्हणजे पैसाही जातो आणि करही भरावा लागतो. स्टॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमचा जीएसटी क्रमांक घातलेले बिल संघटनेकडून घ्या आणि रक्कम संघटनेच्याच खात्यात भरा, कोणा पदाधिकाऱ्याच्या नव्हे.

उपकरण विक्रेता, लातूर
दोघांचेही आभार. स्टॉलच घेतो. दरात घासाघीस करता येते का?

जुना स्टॉलधारक, जालना
दर फारसा उतरत नाही. त्याऐवजी आधी पैसे भरण्याच्या बोलीवर दोन बाजूंनी उघडा असलेला कोपरा मागा आणि तो स्टॉल क्रमांकासह पत्रात लिहून घ्या.