पेंटाग्रामचे प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकलेल्यांच्या आठवणी

माझगावचा_धक्का:

नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा भरला, तेव्हा मी पेंटाग्राम या मुंबईच्या रॉक बँडला पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकले. त्याआधी हा बँड मला केवळ थोरल्या भावाच्या कॅसेटमुळे माहीत होता. ‘अप’ हा त्यांचा २००२ चा अल्बम आमच्या घरी इतका वाजला, की त्यातल्या गाण्यांचा क्रम मला पाढ्यांसारखा पाठ आहे. माझगावला मात्र तीच गाणी इतकी दणकट आणि वेगवान वाटली, की पहिली काही मिनिटे मला ती ओळखूच आली नाहीत.

माझा भाऊ म्हणतो, की रंगभवनात ज्याने पेंटाग्राम ऐकले नाही, त्याने ते ऐकलेच नाही. हा थोरल्या भावांचा नेहमीचा तोरा आहे, की त्यात काही तथ्य आहे? १९९४ पासून वाजवणाऱ्या या बँडला ज्यांनी वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या जागी ऐकले आहे, त्यांनी जागेनुसार काय फरक जाणवला ते कृपया सविस्तर लिहावे.

ठाकूरद्वार:

तुमच्या भावाचे म्हणणे निम्मे खरे आहे. रंगभवन हे धोबीतलावचे उघडे नाट्यगृह, सेंट झेवियर्सच्या अगदी शेजारी. तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ पावसाळ्यात भरत असल्यामुळे आम्ही तासन्‌तास ओल्या कपड्यांत उभे असायचो, आणि काळे टीशर्ट अंगावरच वाळायचे. मी गिरगावातून चालत जायचो, त्यामुळे शेवटच्या गाडीची चिंता नसे. विरारकडची मित्रमंडळी मात्र शेवटच्या बँडच्या वेळी घड्याळाकडे बघत उभी असत.

ध्वनिव्यवस्थेबद्दल खोटे कौतुक करणार नाही. विशाल ददलानींचा आवाज फाटायचा, आणि रँडॉल्फ कोरियांची गिटार कधी सगळ्यांवर कुरघोडी करायची, तर कधी मधेच गायब व्हायची. तरीही त्या जागेत मंच आणि गर्दी यांच्यातले अंतर इतके कमी होते, की ददलानी पुढे येऊन ओरडले की ते आपल्याच अंगावर ओरडत आहेत असे वाटे. गर्दीही काही भाबडी नव्हती. तिला हेवी मेटल हवे असायचे आणि एखादा बँड सौम्य वाटला, तर ती हुर्यो उडवून मोकळी व्हायची. पेंटाग्रामने जेव्हा इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या आजूबाजूच्या काही जणांनी नाके मुरडलेली मला स्पष्ट आठवतात, आणि खोटे कशाला बोलू, त्यांत मीही होतो. ‘वुई आर नॉट लिसनिंग’ हा त्यांचा पहिला अल्बम (१९९६) ऐकून आलेल्या माणसाला तो बदल पचायला वेळ लागला. माझे मत पालटले ते ‘अप’ची कॅसेट घरी आणून चार-पाच वेळा ऐकल्यावर.

पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले संगीत बंद पडले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येतो, आणि रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, तर जवळच कामा आणि जी. टी. ही रुग्णालये. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण माझी आजी त्याच जी. टी. मध्ये दाखल होती आणि तिच्या उशाशी बसून मला त्या नियमाचे महत्त्व नीट कळले होते. पण त्या तोडीची उघडी, स्वस्त आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा दक्षिण मुंबईला पुन्हा मिळाली नाही.

खर्जातला_सा:

वरील प्रतिसादात बेस गिटारचा उल्लेखच नाही, म्हणून ही पुरवणी. पापल माने यांचे वादन रंगभवनात मागच्या बाजूला उभे राहिल्यास उत्तम ऐकू येई, कारण तेथे गिटारचा कर्कशपणा थोडा निवलेला असे. पुढे घुसणाऱ्यांना हे सुख कधी लाभले नाही. बँडच्या नावांच्या यादीत ‘माने’ वाचून आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या मित्रांना जो अभिमान वाटायचा, त्याचा संगीताशी संबंध नव्हता, पण तो होता.

मुळाकाठ:

मी पुण्याची असल्याने रंगभवन माझ्या वाट्याला आले नाही. मी हा बँड पहिल्यांदा ऐकला तो डिसेंबर २०१० मध्ये, कोरेगाव पार्कात पहिला ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव भरला तेव्हा. पुण्याची ती बोचरी थंडी, पायांखाली गवत आणि एकाच आवारात अनेक मंच, यांमुळे एकाचा कार्यक्रम संपला की घोळक्याने दुसरीकडे पळायचे, हा प्रकार आम्हांला सर्वस्वी नवा होता. दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावे लागत असल्यामुळे बँड वेळ दवडत नसत. पेंटाग्रामनेही गाण्यांमधल्या गप्पा आवरत्या घेऊन एकामागून एक गाणी वाजवली, आणि मला वाटते, तीच घाई त्यांच्या पथ्यावर पडली.

ठाकूरद्वार यांनी लिहिलेल्या गर्दीत मी पुढे जाण्याचे धाडस केले असते की नाही, शंका आहे. कोरेगाव पार्कात मात्र आम्ही पाच मैत्रिणी कठड्याला टेकून उभ्या होतो आणि कोणाचा त्रास झाला नाही. अनुभवात फरक पडतो तो यामुळेही, हे मूळ प्रश्नाच्या संदर्भात नोंदवावेसे वाटते.

त्यानंतर ‘ब्लडीवुड’ हा त्यांचा अल्बम आला त्या वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, लोअर परळच्या ब्लू फ्रॉग या संगीत क्लबमध्ये मी त्यांना पुन्हा ऐकले. (या नावाचा दिल्लीचा मेटल बँड नंतरचा. माझा भाचा दोन्हींची गल्लत करतो.) गिरणीच्या जुन्या आवारातली ती बंदिस्त जागा होती, गोलाकार बैठका होत्या आणि आवाज इतका स्वच्छ होता, की ज्या सुरावटी मी सिंथेसायझरच्या समजत होते, त्यांतल्या कितीतरी कोरिया गिटारवरून, पायाखालच्या पेडलांच्या साहाय्याने काढत होते, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसले. शिराझ भट्टाचार्य यांचे ड्रम तर छातीत वाजत होते. माझगाव मी ऐकलेले नाही, पण मला निवड करायला सांगितली, तर मी ब्लू फ्रॉगचीच रात्र निवडेन.

सॉमरसेटचा_चिखल:

२००५ मध्ये पेंटाग्राम इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात वाजवून गेले. मी तेव्हा इंग्लंडमध्ये नोकरीला होतो, तिकीट मिळवले होते आणि मुंबईतल्या मित्रांना तशी फुशारकीही मारली होती. त्या वर्षी शुक्रवारी पहाटे जो पाऊस कोसळला, त्याने उताराखालचे तंबू अक्षरशः तरंगायला लागले, आणि आमचा तंबू नेमका उताराखाली होता. पुढचा बराच वेळ मी बूट, झोपायची पिशवी आणि पासपोर्ट शोधण्यात घालवला. संध्याकाळी व्हाइट स्ट्राइप्स हा अमेरिकी बँड ऐकला, पण पेंटाग्राम कोठे आणि केव्हा आहेत, हे छापलेला कागद पाण्यात लगदा होऊन गेला होता. आपल्या शहरातला बँड सातासमुद्रापलीकडे माझ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर वाजवत होता आणि मी मातीत बरबटलेल्या मोज्यांतून पाणी पिळत बसलो होतो.

मित्रांनी कार्यक्रम कसा झाला असे फोनवर विचारले, तेव्हा मी ‘फार छान झाला’ असे उत्तर दिले. ते खोटे होते, हे आज प्रथमच कबूल करतो आहे.

माझगावचा_धक्का:

सर्वांचे आभार. भावाला हे सारे वाचून दाखवले. रंगभवनात तो नेमका कोठे उभा होता असे विचारल्यावर त्याने बराच वेळ विचार केला आणि मग सांगितले, की तो आत गेलाच नव्हता. तिकिटाचे पैसे नसल्यामुळे त्याने भिंतीबाहेर, रस्त्यावर उभे राहून ऐकले होते, आणि तेथे बेस अगदी स्पष्ट ऐकू येत होता म्हणे.