केराटिन पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे

छातीतल्या पाण्यात केराटिन पॉझिटिव्ह पेशी, म्हणजे केराटिन नावाचं तंतूसारखं प्रथिन असलेल्या पेशी सापडल्या, म्हणजे कर्करोगच ना, असं विचारलं जातं. नाही. या एका शब्दानं घरचे लोक हादरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

फुप्फुस आणि पोटाच्या आवरणावरच्या निरोगी मेसोथेलियल पेशींतही केराटिनचे तंतू असतातच. ७, ८, १८, १९ हे प्रकार. शिवाय व्हिमेंटिन हे दुसरं तंतूंचं प्रथिनही असतं. १९८३ सालचं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं: या निरोगी पेशी प्रयोगशाळेत भराभर वाढू लागल्या की केराटिन घटतं, व्हिमेंटिन वाढतं, आणि वाढ मंदावली की पुन्हा पहिल्यासारखं होतं. म्हणजे नुसत्या कमी-जास्त प्रमाणावरूनही निदान करता येत नाही.

डेस्मिन हे आणखी एक प्रथिन थोडी मदत करतं. सुजेमुळे चवताळलेल्या निरोगी पेशींत ते बऱ्याचदा दिसतं, मेसोथेलिओमात, म्हणजे याच आवरणाच्या कर्करोगात, बहुधा नाहीसं होतं. पण अपवाद आहेत, म्हणून बॅप-१ आणि एमटॅप या प्रथिनांच्या तपासण्या जोडीला लागतात. केराटिन ५/६ चा उपयोग वेगळा, फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमापासून (ग्रंथींसारख्या पेशींच्या कर्करोगापासून) मेसोथेलिओमा वेगळा ओळखायला.

केराटिनचा खरा उपयोग बायोप्सीत, म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासताना होतो. सूक्ष्मदर्शकाखाली चरबी म्हणजे रिकामी, पांढरी, गोल घरं. त्या घरांच्या मधून केराटिनच्या तपासणीत तपकिरी रंगलेल्या पेशींच्या रांगा घुसलेल्या दिसल्या, तर आक्रमणाचा, म्हणजे कर्करोग आत पसरल्याचा भक्कम पुरावा. त्यासाठी तुकडा खोलवरचा, चरबीसकट घेतलेला हवा. डॉक्टरांना हे जरूर विचारा.