विधानमंडळ सचिवालयातील लिपिक: नेमणूक कोण करतं, काम काय असतं?

होतकरू_उमेदवार: विधानभवनातला लिपिक-टंकलेखक मंत्रालयातल्या लिपिकासारखाच का? एमपीएससीतून जाता येतं? टंकलेखनापलीकडे काय करावं लागतं?

बारनिशी: नाही, आस्थापनाच वेगळी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 187 नुसार विधानमंडळाचा कर्मचारीवर्ग स्वतंत्र असतो. कायदा होईपर्यंत भरतीचे नियम राज्यपाल करतात, तेही विधानसभेचे अध्यक्ष किंवा विधान परिषदेचे सभापती यांच्याशी विचारविनिमय करून. म्हणून सचिवालयाची स्वतःची जाहिरात पाहत राहा. राज्य शासनात या पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट लागतात. इथली अर्हता मात्र त्या-त्या जाहिरातीतूनच वाचा. आणि हिवाळी अधिवेशन नागपूरला, त्यामुळे मुक्काम हलवायची तयारी हवी.

पटलावर: टंकलेखन हा कामाचा छोटा भाग, खरी जोखीम तारखेची. धन विधेयक (कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचं) विधानसभेकडून विधान परिषदेकडे गेलं की मिळाल्या दिवसापासून 14 दिवस मोजतात. तेवढ्यात परत आलं नाही तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केलं असं धरलं जातं. म्हणजे आवक शिक्क्यावरची तारीख चुकली की घटनात्मक मुदतच चुकली. अध्यादेशाचंही (अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात तो) तसंच: विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे झाले की तो संपतो. दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरची तारीख धरायची. नवखे इथेच हमखास चुकतात.

होतकरू_उमेदवार: आणि विधानसभा विसर्जित झाली तर प्रलंबित विधेयकं सगळी संपतात ना?

पटलावर: सगळी नाही, म्हणून नोंदवहीत विधेयक कुठे मांडलं आणि कुठे संमत झालं हे वेगवेगळे रकाने ठेवा. विधानसभेत प्रलंबित असलेलं, किंवा तिथे संमत होऊन परिषदेत अडकलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. परिषदेत प्रलंबित आणि विधानसभेने अजून संमत न केलेलं मात्र टिकतं. अधिवेशन नुसतं संस्थगित झालं (राज्यपालांनी ते संपवलं, पण विधानसभा कायम) तर काहीच व्यपगत होत नाही.

बारनिशी: एक भर घालतो. आमदारांनी लेखी दिलेली सूचना घेताना ती कोणत्या सभागृहाची हे आधी पाहा. लक्षवेधी (तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) विधानसभेत नियम 105 खाली येते, परिषदेत 101 खाली. शिक्क्यात वेळही घाला. मजकूर न्यायप्रविष्ट, म्हणजे न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाचा, वाटला तर तसं टिपणीत लिहून वर पाठवा. सूचना स्वीकृत करायची की नाही हे लिपिकाने ठरवायचं नसतं.